वर्तुळात मावलेले अनंत

मराठीच्या प्राध्यापकाने रेडिओच्या एरियलवर लिहावे, हे पाहून आमचे विज्ञान विभागातील स्नेही हसतील. हसोत बापडे! इंजिनियरिंगला असलेल्या माझ्या पुतणीच्या टेबलावर एक छापील कागद दिसला आणि त्याने मला चांगलेच गुंतवले. एक मोठे वर्तुळ, त्याच्या पोटात लहान लहान वर्तुळे, आणि ती सारी उजव्या टोकाशी एकमेकांना चिकटलेली. मला वाटले, रांगोळीचा नमुना. "काका, हा स्मिथ चार्ट," ती म्हणाली, "यावर गणित करायचे नसते, फिरायचे असते."

हे फिरणे कशासाठी? कपडे वाळत घालायच्या जाड दोरीला पुढे बारीक सुतळी जोडा आणि झटका द्या. लाट सांध्यापाशी पोचते, काही पुढे जाते, काही परत फिरते. रेडिओ प्रक्षेपक आणि एरियल यांना जोडणाऱ्या केबलमध्ये असेच घडते. केबलचा स्वतःचा इंपीडन्स असतो. हौशी रेडिओवाल्यांच्या केबलचा बहुधा ५० ओहम. एरियल १०० ओहमचे असले, तर एक नवमांश शक्ती उलट येते. विजोडपणा याहून फार वाढला, तर प्रक्षेपक तापतो, प्रसंगी जळतोही. २००१ सालच्या भूजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले असताना हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. अशा वेळी ही जुळणी म्हणजे निव्वळ छंद राहत नाही.

अडचण अशी की इंपीडन्सला दोन अंगे असतात. एक शक्ती खर्च करणारे, दुसरे घेऊन परत देणारे. त्यामुळे हिशेबात उणे एकाचे वर्गमूळ येते आणि आमच्यासारख्यांची बोबडी वळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला फिलिप स्मिथ (जन्म १९०५) ही किचकट गणिते हातानेच करी. त्याने ती चित्रात बसवली आणि जानेवारी १९३९ च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात छापली. जपानच्या मिझुहाशींना तशीच कल्पना १९३७ मध्येच सुचली होती. पण नाव लागले स्मिथचे. कीर्तीचा हा न्याय साहित्यातही काही निराळा नाही!

आता बोट ठेवून पाहू. प्रत्येक आकड्याला आधी ५० ने भागायचे. वर्तुळाचे केंद्र म्हणजे १, पूर्ण जुळणी. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला अनंत. वरच्या अर्ध्यात कॉइलचा गुण, खालच्या अर्ध्यात कंडेन्सरचा. आमचे १०० ओहमचे एरियल म्हणजे २. तो ठिपका केंद्राच्या उजवीकडे पडतो. एरियलपासून केबलवरून प्रक्षेपकाकडे चालू लागा, की ठिपका केंद्राभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. केबलमध्ये शक्ती वाया जात नाही असे धरले, तर अंतर तेच राखून. अर्धी तरंगलांबी चाललात की एक पूर्ण फेरी. पाव तरंगलांबीवर अर्धी फेरी होते आणि १०० ओहमचे एरियल तेथून चक्क २५ ओहमचे दिसते! याच न्यायाने केबलचे उघडे टोक पाव तरंगलांबीवरून पाहिले, तर तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या भासतात. मला तर ही मायाच वाटली.

खरी मौज जुळणीत आहे. चार्टावर केंद्रातून जाणारे एक खास वर्तुळ असते. त्यावर खर्चाचे अंग सर्वत्र १ असते. आपला ठिपका केबलवर तरंगलांबीच्या सुमारे एक दशांश अंतर चालला, की या वर्तुळाला खालच्या बाजूस गाठतो. तेथे कंडेन्सरचा गुण सुमारे ३५ ओहम शिल्लक उरतो. मग तेथेच, केबलच्या ओळीत, तितक्याच ओहमची कॉइल घालायची. ठिपका त्या वर्तुळावरूनच सरकत केंद्रात येतो; परत येणारी लाट थांबते. वर्गमूळ काढावे लागले नाही, नुसते बोट फिरले.

स्मिथ १९८७ मध्ये वारला. आता ही गणिते संगणक क्षणात करतो, आणि केबल जोडून मोजणारी यंत्रे तळहातावर मावतात. पुतणीने तसले यंत्र आणले आहे. त्याच्या इवल्याशा पडद्यावर तेच वर्तुळ उमटते, आणि कंडेन्सरची खुंटी पिळली की ठिपका हळूहळू मध्याकडे सरकू लागतो.