कंबर धरते म्हणजे नेमके काय होते?



गळीत हंगाम सुरू झाला की कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गावात एक तक्रार हटकून कानावर येते : "कंबर धरली." कुणाला मोळी उचलताना चमक भरते, कुणाला ट्रॉलीतून खताची गोणी उतरवताना, कुणाला केळीचा घड खांद्यावर घेताना, तर कुणाला रात्री कॅनॉलचं पाणी देताना. मग उपाय ठरलेले. कुणी पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतो, कुणी शेक घेतो, कुणी मालिशवाल्याकडे जातो. कुणी नांदेडला जाऊन फोटो काढून आणतो आणि "मणक्यात गॅप आलाय" असं सांगत फिरतो.

यातल्या बहुतेकांची कंबर थोड्या दिवसांत आपोआप सुटते आणि यश पायाळू माणसाला मिळतं. पण काहींचं दुखणं तसं नसतं. त्यांनी घालवलेला एकेक दिवस पुढे जन्मभर भोवू शकतो. हे दोन प्रकार घरच्या घरी कसे ओळखावेत, एवढ्यासाठी हा लेख. त्याकरिता पाठीत काय काय असतं, ते आधी पाहू.

मणके आणि गाद्या

पाठीचा कणा म्हणजे एक सलग हाड नव्हे. उसाला जशी पेरं, तसे कण्याला मणके असतात. ते जन्मतः ३३. मानेत ७, बरगड्या जोडलेले १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले ५, आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. कमरेचे पाच मणके सर्वांत मोठे असतात, कारण वरचा सगळा बोजा त्यांच्यावर येतो.

दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. तिच्या बाहेर दोरखंडासारख्या धाग्यांचे वेढे, आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. दिवसभराच्या बोजाने यातलं थोडं पाणी निघून जातं, आणि रात्री आडवं झालं की गादी ते पुन्हा शोषून घेते. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच भरतो! मात्र अशा टम्म फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. पहाटे उठल्या उठल्या वाकून जड उचलणं वाईट, ते यामुळे.

आता त्या "गॅप"विषयी. वय होईल तशी गादी सुकते, चपटी होते. म्हणजे मणक्यांत फट पडत नाही, उलट त्यांच्यातलं अंतर कमी होतं. आणि हे पुष्कळांना होतं. काही दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. डोक्याचे केस पांढरे होतात, तसंच हे. नुसता रिपोर्ट वाचून कुणी घाबरून जाऊ नये.

स्नायू : मांडवाचे ताण

मांडवाचा खांब एकटा उभा राहत नाही, त्याला चहूबाजूंनी दोरांचे ताण लागतात. कण्याचे ताण म्हणजे स्नायू. पाठीवर मधल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून बघा. दोन जाड पट्टे लागतील. तेच आपल्याला उभं धरतात आणि वाकल्यावर परत वर खेचतात. त्यांच्याखाली मणक्याला मणका जोडणारे लहान स्नायू असतात. पुढून पोटाचे स्नायू साथ देतात.

या पट्ट्यांवर किती ताण येतो, याचा ढोबळ हिशेब करू. कण्यापासून त्यांचं अंतर फार तर पाच सेंटिमीटर. समजा, तुम्ही ४५ किलोची युरियाची गोणी कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरून उचलली. म्हणजे पहारीचं एक टोक आखूड आणि दुसरं आठपट लांब. पट्ट्यांना आठपट, म्हणजे सुमारे ३६० किलोचा जोर लावावा लागतो. तीच गोणी पोटाशी, २० सेंटिमीटरवर धरली, की जोर निम्म्यावर येतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. जर्मनीत उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारं बारीक यंत्र बसवलं आणि ती मापं १९९९ साली प्रसिद्ध केली. आडवं पडल्यावरचा दाब १ धरला तर उभं राहिल्यावर तो ५ भरला. वीस किलोचं ओझं पाठ वाकवून उचलताना २३, आणि गुडघे वाकवून उचलताना १७. ओझं तेच, फरक फक्त उचलण्याच्या रीतीचा.

नसा : कॅनॉल आणि चाऱ्या

प्रत्येक मणक्याच्या मागे एक कडं असतं. ही कडी एकाखाली एक येऊन बोगदा तयार होतो. त्यातून मेंदूपासून निघालेला करंगळीएवढा जाड मज्जारज्जू खाली येतो. हा आपला मुख्य कॅनॉल. मणक्यामणक्यांच्या मधून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा त्याच्या चाऱ्या फुटतात. अशा नसांच्या एकूण ३१ जोड्या आहेत. प्रत्येक नसेत दोन प्रकारचे तंतू असतात. एक दुखलं-खुपलं, गरम-गार याची खबर वर नेतात, दुसरे स्नायूंना हलण्याचा हुकूम खाली आणतात.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो, म्हणून वैद्यकातही त्याचं नाव "घोड्याचं शेपूट" असंच आहे. पायांच्या, तसंच लघवी-शौचाच्या नसा यातूनच जातात.

चारीच्या मुखाशी गाळ अडकला तर नुकसान कुठे दिसतं? टेलच्या शेतात. नसेचं तसंच आहे. गादीचे वेढे फाटून गर मागे सरकला आणि नसेला लागला, की दोष कमरेत असतो आणि कळ मात्र कुल्ल्यातून मांडी, पोटरी, पावलापर्यंत जाते. अशा वेळी नुसता पाय चोळून काय होणार?

उसण कोणती, नस कोणती?

दुखणं कमरेतच आहे, फार तर कुल्ल्यापर्यंत जातं, हललं की वाढतं, पण पायात जोर आहे आणि बधिरपणा नाही, तर बहुधा स्नायूची किंवा सांध्याची उसण आहे. शेक घ्यावा, ओझं टाळावं, पण दिवसेंदिवस बाजेवर पडून राहू नये. झेपेल तसं चालत-फिरत राहिलेला माणूस लवकर बरा होतो.

कळ एका पायात गुडघ्याखाली जाते, खोकला-शिंक आली की वाढते, पायाला मुंग्या येतात, तर नस दुखावली आहे असं समजावं. टाचांवर चालून बघा, मग चवड्यांवर चालून बघा. पायाचा अंगठा वर उचलत नसेल, चप्पल नकळत निसटत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. एक दिलासाही आहे. सरकलेल्या गादीचं बहुतेकांचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं.

एक तासही घालवू नका

खालचं लक्षण दिसलं तर मालिश नको, पायाळूचा पाय नको, उद्याची वाट नको :

कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली. शौचावरचा ताबा गेला. बैलाच्या पाठीवर बसल्यावर टेकते ती जागा, म्हणजे मांड्यांच्या आतला आणि गुदाभोवतीचा भाग, बधिर झाला. किंवा दोन्ही पायांतला जोर जाऊ लागला.

याचा अर्थ घोड्याचं शेपूट दाबलं गेलं असावं. दाब वेळीच निघाला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. १०८ नंबरला फोन करा. गाडी येते, पैसे लागत नाहीत. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बायाबापड्या लाजेपायी हे लक्षण सांगत नाहीत. घरच्यांनी विचारून घ्यावं.

ट्रॉलीवरून किंवा झाडावरून कुणी पडला आणि पाठीला अगर मानेला मार लागला, तर त्याला उठवून बसवू नका, चौघांनी हातपाय धरून उचलू नका. गाडी येईपर्यंत सरळ निजवून ठेवा. हलवावंच लागलं तर मान-पाठ न वाकवता फळीवर घ्या.

आणि कंबर आठवड्यामागून आठवडे दुखते, रात्री जास्त ठणकते, सोबत ताप येतो, वजन घटतं, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्यावरची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

फडावर काय पाळावं?

ओझं अंगाशी धरा. गुडघे वाकवा. उचलता उचलता कमरेत पिळा घेऊ नका, पाय वळवून अंग वळवा. जड गोणीला दोघं लागा. पहाटे पहिला अर्धा-एक तास हलकं काम करा. तासन्‌तास ट्रॅक्टर चालवल्यावर उतरून लगेच गोण्या उचलू नका, आधी दहा पावलं चाला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस १९६७ सालीच केली. स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी, असंही सांगितलं. एके काळी १०० किलोचं असणारं साखरेचं पोतं आज ५० किलोचं आहे, आणि युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. उसाच्या मोळीवर मात्र कुणी वजन छापत नाही. ती केवढी बांधायची हे फडातच ठरतं, आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्यांत बायाही असतात.

ऊस आपला आहे, कंबर मात्र तोडणीवाल्याची मोडते. तेव्हा सभासदांनी मोळी बेताची बांधायला सांगावी, आणि हा लेख घरी वाचून झाला की फडावर नेऊन टोळीलाही वाचून दाखवावा, ही विनंती.