शेवटचं किती?

‘गोदरेजचं कपाट, सिंगल हँड युज्ड, लॉकरसहित, आरसा ओरिजिनल. किंमत ८,०००. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.’

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी नवरात्रात ही जाहिरात फोनवरून टाकली. वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती, दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि भाड्याच्या जागेत भिंतीतली कपाटं आधीच होती. तासाभरात सात मेसेज आले. पाच जणांनी ‘अव्हेलेबल आहे का?’ एवढंच विचारलं आणि उत्तर मिळताच ते गप्प झाले. सहाव्याने एका दमात ३,००० म्हटलं. सातव्याने कपाटाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याचा प्रश्न होता, ‘कितवा मजला?’

या सातव्या माणसाला जुन्या बाजाराचं मर्म कळलेलं होतं. जुन्या वस्तूची किंमत तिच्या वयावर, कंपनीवर आणि अवस्थेवर ठरते, अशी विकणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात ती ठरते अंतरावर आणि जिन्यावर. मोबाइल खिशात घालून नेता येतो, म्हणून त्यासाठी चिंचवडचा माणूस हडपसरला येतो. सोफ्यासाठी तो कोथरूडहून वारज्यालाही जायला तयार नसतो, कारण टेम्पोचं भाडं सोफ्याच्या किमतीच्या उरावर बसतं. ‘ऑनलाइन’ म्हणवणारा हा व्यवहार सगळ्या बाजारांत सर्वांत जास्त गल्लीला बांधलेला आहे तो यामुळेच.

जुन्या वस्तूंवरची ही घासाघीस आपल्याकडे नवीनही नाही. दारावर येणारी बोहारीण हेच करत असे. दोन जरीच्या साड्या, एक टेरिकॉटची पँट आणि वर ‘हा शर्ट घाला की ताई’ एवढ्याच्या बदल्यात स्टीलचा एक डबा. तो डबा ती आधी पुढे करायची, मग मागे घ्यायची, मग पाटी डोक्यावर घेऊन तीन पायऱ्या उतरायची. घरातली बाई हाक मारणार हे तिला पक्कं ठाऊक असे. आज ‘ओके, राहू द्या’ असा मेसेज टाकून दोन दिवस गप्प बसणारा गिऱ्हाईक त्याच तीन पायऱ्या उतरत असतो. तांब्यापितळेची भांडी ‘मोडीत’ देण्याची रीत त्याहून जुनी. तिथे मात्र घासाघीस कमी, कारण भाव वजनावर. घडणावळ, नक्षी, आजीचं कोरलेलं नाव, सगळं शून्य. घरातल्या विकायला काढलेल्या वस्तूंच्या किमतीवर भांडणारी माणसं मोडीच्या दुकानात निमूट का उभी राहतात, याचं उत्तर तराजूत आहे. तराजूशी हुज्जत घालता येत नाही.

इतिहास थोडक्यात उरकायचा तर असा. अमेरिकेत १९९५ साली क्रेगलिस्ट आणि ईबे सुरू झाले. मुंबईतून चालणारी बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट ईबेने २००४ मध्ये विकत घेतली. ओएलएक्सचा जन्म २००६ चा, क्विकरचा २००८ चा. फेसबुकने मार्केटप्लेस २०१६ मध्ये काढलं आणि भारतात त्याची पहिली चाचणी २०१७ मध्ये मुंबईत घेतली. ओएलएक्सचा भारतातला गाड्यांचा आणि जाहिरातींचा व्यवसाय २०२३ मध्ये नवी मुंबईच्या कारट्रेडने ५३७ कोटी रुपयांना घेतला. तोवर ‘बेच दे’ हे ओएलएक्सच्या जाहिरातीतले दोन शब्द इतके रुळले होते, की आज नवऱ्याच्या तबल्याकडे पाहूनही बायको ते म्हणते.

पण कपाटाकडे परत यायला हवं.

गोदरेजने १८९७ मध्ये कुलपांपासून सुरुवात केली, पुढे तिजोऱ्या केल्या आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्याही या कंपनीने बनवल्या होत्या. या कपाटाने मराठी मध्यमवर्गाच्या घरात असं ठाण मांडलं, की कुठल्याही कारखान्याच्या लोखंडी कपाटाला ‘गोदरेजचं कपाट’च म्हणू लागले. ‘तुमचं गोदरेज कुठल्या कंपनीचं?’ हा प्रश्न कुणालाही विनोदी वाटत नाही. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक आधी दारावरचं नाव पाहतो, मग बोटाने पत्रा वाजवतो. जुना जाड पत्रा बद्द वाजतो, पातळ पत्रा खणखणतो. त्यानंतर तो खाली वाकून पायाशी गंज आहे का ते पाहतो, कारण फरशी पुसताना पन्नास वर्षांचं पाणी तिथेच मुरलेलं असतं. शेवटी लॉकरची किल्ली मागतो. किल्ली नसेल तर हजार रुपये कमी, आणि लॉकर बंद अवस्थेत असेल तर गंमत अशी की काही जण हजार जास्त द्यायलाही तयार होतात! आत काय असेल ही आशा माणसाला सोडत नाही. प्रस्तुत लेखकाने असं एक लॉकर उघडताना पाहिलं आहे. आत रेशनकार्डाच्या दोन जुन्या प्रती आणि डांबरगोळ्यांचा वास निघाला.

साडेसहा फूट उंचीचं हे धूड नेहमीच्या लिफ्टमध्ये मावत नाही. वाड्याच्या लाकडी दादरावरून ते वर कसं गेलं असेल, हा प्रश्न ते खाली आणतानाच पडतो. बऱ्याच ठिकाणी ते दादरावरून गेलेलंच नसतं. गॅलरीचा कठडा काढून दोराने ओढून घेतलेलं असतं आणि ओढणारे चारही जण आता हयात नसतात. म्हणून जाहिरातीत ‘तळमजला’ हा एक शब्द घातला तर तो ‘ए वन कंडिशन’पेक्षा भारी ठरतो. हमालीचा हिशेब सहसा मजल्यामागे होतो. तिसऱ्या मजल्यावरून उतरवून पुन्हा चौथ्यावर चढवायचं असेल, तर मजुरी कपाटाच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडते. ती गिऱ्हाइकाने द्यायची हे गृहीत असतं आणि म्हणूनच तो ८,००० च्या कपाटाला ३,००० म्हणतो. विकणाऱ्याला तो अपमान वाटतो. गिऱ्हाइकाने फक्त वजाबाकी केलेली असते.

या सगळ्या उलाढालीचा खरा नायक फोनमध्ये नाहीच. तो २००५ च्या मे महिन्यात रस्त्यावर आला: टाटा एस, लोकांच्या तोंडी ‘छोटा हत्ती’. दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल नेण्याची क्षमता आणि पेठांतल्या बोळात शिरेल एवढीच रुंदी. तो विकसित करणाऱ्या गटाचं नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होतं आणि पहिलं उत्पादन पुण्यातच झालं. त्याआधी एक कपाट हलवायचं तर हातगाडी नाही तर तीनचाकी टेम्पो. ट्रक बोलवावा तर निम्मा रिकामा जायचा. छोट्या हत्तीने एका कपाटापुरती, एका फ्रिजपुरती फेरी परवडणारी केली. त्याच्याशिवाय जुन्या फर्निचरचा ऑनलाइन बाजार शेजारच्या सोसायटीपलीकडे गेला नसता, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

शेजारच्या सोसायटीत विकणं सोपं, हाही एक गैरसमज. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘लहान मुलाची सायकल, उत्तम स्थितीत’ असं टाकलं की भीड आडवी येते. ब विंगमधल्या जोशीकाकूंना किंमत कशी सांगायची? त्या म्हणतात, ‘तुम्ही सांगाल ते’. आपण म्हणतो, ‘तुम्ही द्याल ते’. सायकल फुकट जाते आणि पुढे सहा महिने तिच्या तक्रारी लिफ्टमध्ये ऐकाव्या लागतात. परक्या माणसाशी ही अडचण नसते. तो ‘शेवटचं किती?’ असं थेट विचारतो.

गाड्यांच्या बाजारात भाषा आणखी बहरते. ‘फर्स्ट ओनर’, ‘एमएच १२ पासिंग’, ‘लेडीज युज्ड’, ‘फक्त ऑफिसला वापरलेली’. दुचाकींच्या बाबतीत पुण्याने एक उलटा काळही पाहिला आहे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जाई. तिच्यासाठी थांबावं लागत नव्हतं, एवढाच तिचा गुण. आज किमती उतरल्या, तरी कागदपत्रांची कटकट तशीच आहे. गाडी देऊन पैसे घेतले की व्यवहार संपला असं मानणारे नंतर फसतात. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत मालकाचं नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने गाडी जुन्याच मालकाची राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी हातोहात चार जणांकडे गेली होती, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर होती त्याच्यावर आली.

वापरलेला मोबाइल घेणाऱ्याने त्यावर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तो तपासावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. रस्त्यावरच्या बाजारात ही सोय नाही. पुण्यात कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे, बिल मागणाऱ्याकडे दुकानदार कौतुकाने पाहतो.

विकणाऱ्याला गंडवणारे वेगळे. त्यांची ओळख सोपी आहे: ते घासाघीस करत नाहीत. किंमत मान्य, वस्तू न बघता मान्य, आणि ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवतो’. मग एक क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जातात. २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीचेही जुना सोफा विकताना असेच ३४,००० रुपये गेले होते. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, आणि फसलोच तर १९३० वर तात्काळ फोन करायचा, या दोन गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारख्या. पण पहिली खूण तीच, जी बोहारणीलाही कळली असती. भाव न पाडता घेणारा माणूस घ्यायला आलेलाच नसतो.

सदाशिव पेठेतलं कपाट अखेर ५,५०० ला गेलं. घेणारा तोच, मजला विचारणारा. धायरीत त्याचं झेरॉक्सचं दुकान, कागदाची रिमं ठेवायला कपाट हवं होतं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी छोटा हत्ती आला, दोन हमाल, एक गोधडी आणि दोर. पहिल्या मजल्यावरून उतरवायला पाऊण तास लागला. दादराच्या वळणावर एक कंगोरा तुटला, पण वाडा पाडायचाच असल्याने कुणी काही बोललं नाही.

दोर बांधून झाल्यावर टेम्पोवाल्याने ओसरीतल्या वॉशिंग मशिनकडे बोट केलं.

“काका, हे कितीला टाकलंय?”

“अडीच हजार.”

“महिना झाला असंल.”

“पाच आठवडे.”

“आठशे देतो. आत्ता. कपाटाशेजारी जागा हाये, गाडी तिकडंच चाललीय.”

काकांनी हजार सांगितले. टेम्पोवाला केबिनमध्ये जाऊन बसला, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि आरशातून मागे पाहत राहिला.