शिष्यवृत्ती : आधी महाडीबीटी

पत्रकारितेसाठी राखीव शिष्यवृत्त्या मोजक्याच. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला खरा आधार मिळतो तो सर्वसाधारण सरकारी योजनांचा, आणि त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला 8 लाख. आपला अभ्यासक्रम या योजनांत बसतो का, हे प्रवेश घेण्याआधीच विचारा. खासगी संस्थांच्या छोट्या पदविका बसतीलच असे नाही.

सर्वाधिक वेळ खातो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा. पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. ते खाते बंद पडलेले असेल तर मंजूर रक्कमही अडकते. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथला कारकून तो पुढे पाठवतो. म्हणून ‘सबमिट’ केल्यावर निश्चिंत होऊ नका, अर्ज कुठे थांबला आहे ते पाहत राहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारे तर फार, आणि त्यांचे नुकसान पाहून खरोखर वाईट वाटते.

परदेशात शिकायचे असेल तर ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते. मात्र तिला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवीनंतर आधी एखाद्या बातमीदारीच्या नोकरीत रुजू व्हा, मग अर्ज करा.