पुरवणी घ्यावी की नको?

मुलांनो, पटावरचे सगळेच खेळ एकमेकांना हरवण्याचे नसतात बरं का! टोल्किन यांच्या कादंबरीवरचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा रायनर क्निझिया यांचा खेळ २००० साली आला. त्यात सगळे भिडू मिळून जादूची अंगठी नष्ट करायला निघतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे!

पुढे या खेळाच्या पुरवण्या निघाल्या. पुरवणी म्हणजे मूळ खेळाला जोडायचा जादा संच. २००१ च्या पुरवणीत दोन नवे पट आणि शत्रूंचे पत्ते होते. आता पुढे पळायचं की आधी शत्रूशी लढायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. २००२ च्या पुरवणीत मात्र एक भिडू दुष्ट सॉरॉन होऊन बाकीच्यांविरुद्ध खेळतो. चुरस वाढते, पण ‘सगळे एका बाजूला’ ही मूळ गंमतच बदलते.

म्हणून खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. आधी विचारा: नवं काही ठरवावं लागतं का? नियम वाचण्यातच संध्याकाळ जाणार नाही ना? धाकट्या भावंडाचंही डावात काम पडतं का?

आणि आईबाबा, मूळ खेळ घरी भरपूर खेळून झालाय ना? नसेल तर पैसे तूर्त राहू द्या!