खिम्यातले जंतू पीसीआरला कसे सापडतात

मुखेड, कंधार, उदगीर, देवणी हा सगळा जनावरांचा मुलूख. लाल कंधारी आणि देवणी या गाईबैलांच्या जाती इथल्याच, आणि मराठवाडी म्हैसही याच भागातली. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे इथं ज्याला ‘मोठ्याचं मटण’ म्हणतात ते कायद्यानं म्हशीचं किंवा रेड्याचंच असू शकतं. कुठं संशयित मांस पकडलं की नमुना प्रयोगशाळेत जातो आणि प्रश्न विचारला जातो, हे मांस कोणत्या जनावराचं? उत्तर डीएनएवरून मिळतं, त्याच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर नावाच्या तंत्रानं. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेनं जनावराची प्रजाती ओळखण्याच्या या कामात मोठा अनुभव मिळवला आहे. पण याच तंत्राला आणखी एक प्रश्न विचारता येतो, आणि खाणाऱ्याच्या पोटाशी, लेकराबाळांच्या जिवाशी थेट संबंध आहे तो त्याचाच. या मांसावर कोणते जंतू आहेत? माझ्या मते हा प्रश्न आपल्याकडे फार कमी विचारला जातो.

शोध मुख्यतः तिघांचा घेतात: साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलायचे काही घातक प्रकार. ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यातही असतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी. त्याच्या काही प्रकारांनी मात्र शिगा नावाचं विष तयार करणारी जनुकं मिळवली आहेत. ओ१५७:एच७ हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध. १९९३ च्या सुरुवातीला अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बीफ बर्गरमधून तो पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं खिम्यात हा जंतू सापडणं म्हणजेच भेसळ असं ठरवलं. गाय-म्हैस स्वतः या जंतूनं सहसा आजारी पडत नाही, त्यामुळे जनावर पाहून काहीच कळत नाही. माणसाला शंभराहून कमी जंतूही पुरतात. आधी रक्ती हगवण लागते आणि काही लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते येतात कातड्यावरच्या शेणातून, फुटलेल्या आतड्यातून, सुरीवरून, हातावरून, आणि बसतात मांसाच्या वरच्या थरावर. अखंड तुकडा नीट शिजवला की वरचा थर आधी तापतो. खिमा करताना मात्र वरचं सगळं आत जातं आणि एका तुकड्यावरचं दहा घरांच्या मटणात मिसळतं. म्हणून तपासणीत खिम्याचा नंबर पहिला.

समजा, मुखेडमध्ये सकाळी खिमा घेतला आणि बर्फाच्या डब्यातून उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत नेला. अशा महाविद्यालयांत पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा स्वतंत्र विभाग असतो आणि मांसाची तपासणी हा त्याचा विषय. बर्फ हवाच, कारण मे महिन्याच्या उन्हात दोन तास गेले तर वाटेत वाढलेले जंतूच मोजले जातील. तिथं २५ ग्रॅम खिमा निर्जंतुक पिशवीत घेऊन त्यावर २२५ मिलीलिटर पोषक द्रव ओततात, यंत्रात पिशवी दाबून दाबून एकजीव करतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. साल्मोनेलासाठी ३७ अंश सेल्सिअस. ओ१५७ साठी थोडी जास्त, ४१-४२ अंश, म्हणजे इतर जंतू मागे पडतात.

ही रात्र वाचवता येत नाही का? मला वाटतं संपूर्ण तपासणी समजण्याची किल्ली इथंच आहे. पीसीआरच्या नळीत जाणारा नमुना असतो दोनेक मायक्रोलिटरचा. पिशवीतल्या पाव लिटर द्रवात असे सव्वा लाख थेंब मावतात. खिम्यात दहाच जंतू असतील तर आपण उचललेल्या थेंबात त्यातला एक सापडणं जवळपास अशक्य. पण पोषक द्रवात ई. कोलाय साधारण वीस मिनिटांना दुप्पट होतो. चमचाभर विरजणानं सकाळपर्यंत पातेलंभर दही लागतं, तसंच हे. सकाळी कुठलाही थेंब उचला, त्यात जंतू भरपूर.

दुसऱ्या दिवशी यातलं एक मिलीलिटर यंत्रात जोरात फिरवून जंतू तळाशी बसवतात, धुतात आणि दहा मिनिटं उकळतात. पेशी फुटतात, डीएनए पाण्यात उतरतो. त्यातला थेंब नळीत टाकतात. तिथं आधीच प्रायमर असतात, म्हणजे साधारण वीस अक्षरी डीएनएचे छोटे तुकडे, फक्त शोधायच्या जनुकाच्या दोन टोकांना चिकटतील असे बेतलेले. डीएनएची अक्षरं चारच. त्यांची वीस अक्षरी ठरावीक ओळ योगायोगानं जुळण्याची शक्यता १.१ लाख कोटींत एक, आणि ओ१५७ च्या डीएनएची लांबी साधारण ५५ लाख अक्षरं. म्हणून नीट बेतलेला प्रायमर सहसा चुकीच्या जागी बसत नाही. साल्मोनेलासाठी बहुधा इन्व्हए हे जनुक शोधतात. घातक ई. कोलायसाठी शिगा विषाची दोन जनुकं, एसटीएक्स-१ आणि एसटीएक्स-२, आणि आतड्याला घट्ट चिकटण्याचं ईएई.

मग यंत्र तीन तापमानांचा फेरा सुरू करतं. ९५ अंशांना डीएनएचे दोन पदर सुटतात, ५५-६० ला प्रायमर बसतात, ७२ ला टॅक नावाचं विकर समोरचा पदर विणून काढतं. इतक्या उष्णतेत साधी विकरं मरतात. टॅक टिकतं, कारण ते ज्या जंतूचं आहे तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला. प्रत्येक फेऱ्यात प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांनंतर एकाच्या हिशेबानं १०७ कोटींवर. ही कल्पना १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०२० मध्ये घशाच्या नमुन्यावर झालेली करोनाची चाचणी याच कुळातली. तिथं फक्त विषाणूच्या आरएनएचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागायचं.

उत्तर वाचायचे मार्ग दोन. जुन्या पद्धतीत नळीतला द्रव अगरोजच्या जेलमधून विजेनं पळवतात आणि अतिनील प्रकाशात पट्टी दिसते का ते पाहतात. नव्या रिअल टाइम यंत्रात प्रत बनत असतानाच प्रकाश वाढतो आणि कितव्या फेऱ्याला तो दिसला तेही कळतं. दोन्हीत तीन साक्षीदार नळ्या मी आवश्यक मानतो: एक जंतू नक्की असलेली, एक नक्की नसलेली आणि एक अशी, जिच्यात खिम्याच्याच द्रवात मुद्दाम ओळखीचा डीएनए मिसळलेला असतो. रक्तातला हीम आणि चरबी हे विकराला अडवतात. ती तिसरी नळी कोरी राहिली तर ‘जंतू नाही’ हा निकाल खोटा धरून चाचणी पुन्हा करावी लागते.

पट्टी दिसली म्हणजे काम संपलं असं नाही. डीएनए मेलेल्या जंतूचाही असू शकतो. त्याहून नाजूक गोष्ट अशी की पिशवीत शेकडो तऱ्हेचे जंतू एकत्र वाढलेले असतात. शिगा विषाचं जनुक एका जंतूतून आणि चिकटण्याचं दुसऱ्याच जंतूतून आलेलं असू शकतं. म्हणून निकाल ‘संशयित’ धरतात आणि पिशवीतला द्रव सॉर्बिटॉल नावाची साखर असलेल्या ताटलीवर पसरतात. साधा ई. कोलाय तिथं गुलाबी वसाहती करतो, ओ१५७ च्या रंगहीन राहतात. ती वसाहत उचलून पुन्हा पीसीआर करतात. विषाचं आणि चिकटण्याचं जनुक एकाच वसाहतीत सापडलं, तरच पक्कं. बाकीचे बहुतेक घातक प्रकार मात्र सॉर्बिटॉल खातात, त्यांना ही ताटली उघडं पाडत नाही. तिथं वेगळ्या कसोट्या लागतात.

‘आढळला नाही’ याचा अर्थही नेमका घ्यावा: या २५ ग्रॅममध्ये सापडला नाही, एवढाच. शेजारच्या किलोभर खिम्याची हमी त्यात नाही. म्हणून एका गठ्ठ्यातून पाच-पाच नमुने घेतात आणि एकातही साल्मोनेला चालत नाही. घरी खिमा मधोमध ७१ अंशांपर्यंत तापला, तर हे जंतू मरतात. आपल्याकडे खिमा भरपूर शिजवतात, हे चांगलंच आहे. धोका राहतो तो कच्च्या खिम्याच्या पाटावर त्याच सुरीनं चिरलेल्या कांदा-कोथिंबिरीत.

एकाच खाटीकखान्याच्या नमुन्यांत जंतू पुन्हा पुन्हा सापडू लागले, तर निकाल घेऊन तिथं जायचं: कातडं सोलताना केसाळ बाजू मांसाला लागते का, आतडं काढताना गुदद्वार बांधलं जातं का, दोन जनावरांच्या मध्ये सुरी ८२ अंशांच्या पाण्यात बुडते का.