वीस हजार व्होल्टचं दुखणं

शटर ओढून, दिवे घालवून गाडीचा बिघाड शोधणारा एक मिस्त्री कोल्हापुरात आहे असं कळलं आणि मी शिवाजी उद्यमनगर गाठलं. सगळे त्यांना मामा म्हणतात.

पावसात भिजून आलेली जुनी कार्बोरेटरवाली ओम्नी समोर उभी होती. "गगनबावड्याच्या घाटात चढाला मिसिंग करतीया. पाऊस असला की बघायलाच नको," गाडीवाला सांगत होता. आधीच्या गॅरेजात तिन्ही प्लग नवे टाकून झाले होते, कार्बोरेटर साफ करून झाला होता. पैसे गेले, झटके तसेच राहिले.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मामांनी सीट उचलली आणि चालत्या इंजिनावर प्लगची एकेक केबल काढून बघायला घेतली. काढलेली केबल ते मोकळी सोडत नाहीत. तिच्या टोकाला जुना प्लग लावून तो इंजिनाला टेकवतात, नाहीतर करंट भलतीकडे वाट काढून डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप किंवा कॉइल खराब करतो. पहिली केबल काढली, इंजिन बसलं. तिसरी काढली, पुन्हा बसलं. दुसरी काढली तर आवाजात तसूभर फरक नाही. दुसरा सिलिंडर मेलेला होता, बाकीचे दोघे त्याला ओढत होते.

मामांनी पहिल्या-दुसऱ्याच्या प्लगांची अदलाबदल केली. बिघाड दुसऱ्यातच राहिला, म्हणजे प्लग सुटला. मग मल्टिमीटर आला. या केबलींत तांब्याच्या तारेऐवजी कार्बनचा गाभा असतो; त्याच्या रोधाने रेडिओतली खरखर कमी होते. तिन्ही केबलींचे आकडे ठीक होते.

"मीटरात सेल नऊ व्होल्टचा," मामा म्हणाले, "आणि हितं वीस हजार व्होल्ट पळत्यात. त्येला काय कळणार?"

सायलेन्सरला पाइप जोडून धूर मागच्या दारातून बाहेर काढला आणि शटर खाली आलं. मामांनी केबलींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दुसऱ्या केबलीतून शेजारच्या लोखंडी ब्रॅकेटवर निळी रेघ उडाली आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. मागोमाग ओझोनचा तिखट वास आला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. वीस हजार व्होल्ट प्लगपर्यंत पोचतच नव्हते.

दिवे लावल्यावर तिथे केसाएवढी चीर दिसली. ब्रॅकेटला घासून घासून पडलेली. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंट सोपी वाट धरतो, चिरेतून बाहेर पडतो. पावसाची ओल त्याला आणखी मदत करते. चढ आणि पाऊस, गाडीवाल्याने दोन्ही गोष्टी पहिल्या दोनच वाक्यांत सांगितल्या होत्या. आधीच्या गॅरेजने त्या ऐकून घेतल्या असत्या तर त्याचा प्लगांचा खर्च वाचला असता. मला याचाच जास्त राग आला.

बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवरच कॉइल बसते, ही लांब केबल उरलेली नाही. कुठला सिलिंडर चुकतोय हे स्कॅनरच सांगतो. "कुठला ते सांगतोय. का चुकतोय ते आपल्यालाच बघाय लागतंय," मामा म्हणाले. त्यांच्याकडेही स्कॅनर आहे आणि ते तो वापरतात.

बाकीच्या दोन केबलीही तेवढ्याच जुन्या होत्या, म्हणून त्यांनी पूर्ण सेट बदलला आणि नव्या केबली ब्रॅकेटपासून लांब, क्लिपांत बसवल्या. गाडीवाल्याने खिशात हात घातला, तर मामांनी त्याला थांबवलं.

"आधी माल भरून घाट चढून या. पैसं मग."