गिऱ्हाइकाच्या घरखर्चाचे आंकडे

कोणतें पीक घ्यावें याचा विचार करितांना आपण जमीन, पाणी, बियाणें व गतवर्षीचा भाव एवढें पाहतों. आपला माल अखेर ज्याच्या घरांत जातो, तो गृहस्थ आपला पैसा कशावर खर्च करितो, याची चौकशी मात्र क्वचितच करितों. वास्तविक ही चौकशी सरकारनें करून ठेविली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचें काम १९५० सालीं सुरू झालें. तिच्या कुटुंबखर्चाच्या दोन पाहण्या २०२२-२३ व २०२३-२४ सालीं लागोपाठ झाल्या. दुसरींत २,६१,९५३ कुटुंबांचा हिशेब घेतला गेला.

तो घेण्याची रीत आधीं समजून घ्यावी. भाजीपाला, फळें, तेल, मांस यांचा मागील सात दिवसांचा खर्च विचारतात. धान्य, डाळी व दूध यांचा तीस दिवसांचा. कपडे, पादत्राणें, शिक्षण यांचा वर्षाचा. महिन्यापूर्वीं कोथिंबिरीच्या किती जुड्या आणल्या हें कोणासही आठवत नाहीं. दिवाळीचें कापड मात्र आठवतें. घरच्या शेतांतील धान्य व गोठ्यांतील दूधही शेतावरील भावानें खर्चांत धरितात. म्हणजे या आंकड्यांत आपण विकणारे आहों तसे खाणारेही आहों.

मिळकत वाढते तसतसा खर्चांतील अन्नाचा वांटा घटतो, हें एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालींच दाखविलें होतें. आपल्याकडे अन्नांतही धान्याचा वांटा फार झपाट्यानें घटला आहे. ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांपैकीं १९९९-२००० सालीं २२.२३ रुपये धान्यावर जात. २०११-१२ सालीं १०.७५ व २०२२-२३ सालीं अवघे ४.९१. ग्रामीण दरडोई मासिक खर्च २०११-१२ सालीं १,४३० रुपये होता, तो २०२२-२३ सालीं ३,७७३ झाला. यावरून हिशेब केल्यास धान्यावरील खर्च सुमारें १५४ रुपयांवरून १८५ वर गेला, तर दुधावरील सुमारें ११५ वरून ३१४ वर. महागाई यांत दोन्हीकडे आहेच. तरी वाढीचें हें अंतर लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु एवढ्यावरून ज्वारी मोडून टाकावी असें कोणी समजूं नये. टक्का म्हणजे खप नव्हे. जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवरील धान्य मोफत झालें, आणि मोफत धान्याची किंमत वरील ३,७७३ रुपयांत धरलेली नाहीं. मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरल्यास तीच रक्कम ३,८६० होते. शिवाय २०११-१२ सालीं ३४७ वस्तूंची विचारपूस झाली होती, २०२२-२३ सालीं ४०५ वस्तूंची. मापच बदललें असतां तुलना बेतानें करावी.

भाजीपाल्याचें उदाहरण अधिक बोधक आहे. ग्रामीण खर्चांतील त्याचा वांटा एका वर्षांत ५.३८ टक्क्यांवरून ६.०३ वर गेला. लोक अधिक भाजी खाऊं लागले काय? त्या काळांत भाज्या कडाडल्या होत्या. २०२३ च्या जुलै-ऑगस्टांतील टोमॅटोचे भाव वाचक विसरले नसतील. गिऱ्हाइकानें तितकीच किंवा कमी भाजी घेऊन जास्त पैसे दिले, तरीही टक्का वाढतो. अशा वाढीस मागणी समजून टोमॅटोचें क्षेत्र दुप्पट करणारा शेतकरी पुढील हंगामांत पस्तावतो.

दुसरा फसवा आंकडा तयार खाद्यपदार्थांचा. २०२३-२४ सालीं अन्नांत सर्वांत मोठा वांटा त्यांचाच होता: पेयें व न्याहारी धरून शहरांत ११.०९ टक्के, खेड्यांत ९.८४. पण चिवड्याच्या पुड्यामागें शेतकऱ्यास पोह्याचे, किंबहुना भाताचेच पैसे मिळतात. बाकीचे कारखानदार, वाहतूकदार व दुकानदार यांचे. सोसायटीनें स्वतः भात सडून पोहे केल्याखेरीज हा वाढता वांटा आपला म्हणतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे.

फळबाग लावणाऱ्यानें सरासरीखेरीज खर्चाप्रमाणें पाडलेले वर्गही पाहावेत. २०२२-२३ सालीं शहरांतील सर्वांत खालच्या पांच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,००१ रुपये होता, तर सर्वांत वरच्या पांच टक्क्यांचा २०,८२४. महाग द्राक्षें व डाळिंबें यांपैकीं कोणाच्या घरीं जातील हें सांगावयास नको. मात्र ही पाहणी जुलै २०२३ मध्यें संपली आणि तिचा गोषवारा फेब्रुवारी २०२४ मध्यें निघाला. झाडास फळ येण्यास वर्षें लागतात, तेथें हा विलंब चालतो. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यासाठीं मात्र बाजार समितीचा रोजचा भावच पाहिला पाहिजे.